महागडा लॅपटॉप देऊन साधा लॅपटॉप आणि वर रोख रक्कम : सौदा करावा की टाळावा?

नवी दिल्ली : दीड लाख रुपये मोजून घेतलेला शक्तिशाली लॅपटॉप टेबलावर आहे, पण त्यावर दिवसभर चालते ते ई-मेल, कागदपत्रांचे लेखन आणि ऑनलाइन वर्ग. अशा वेळी एखादा परिचित किंवा दुकानदार प्रस्ताव मांडतो : ‘तुमचा लॅपटॉप द्या, त्याऐवजी हा साधा लॅपटॉप घ्या आणि वर काही हजार रुपये रोख घ्या.’ दिल्लीचे नेहरू प्लेस, मुंबईचा लॅमिंग्टन रोड, बेंगळुरूचा एस. पी. रोड, चेन्नईची रिची स्ट्रीट अशा संगणकबाजारांत जुन्या यंत्रांची खरेदी-विक्री नित्याची आहे. आता मोबाइलवरील जाहिरातींमुळे असे प्रस्ताव घरबसल्याही येऊ लागले आहेत.

प्रस्ताव ऐकताना सोपा वाटतो, कारण त्यात पैसे द्यायचे नसून घ्यायचे असतात. मात्र अनेक कुटुंबांत लॅपटॉप ही वाहनाखालोखालची महागडी वस्तू असते. विद्यार्थ्याचा अभ्यास, स्वतंत्र व्यावसायिकाची कमाई आणि घराची आर्थिक कागदपत्रे त्याच्यावर अवलंबून असतात. चुकीच्या सौद्यात पैसे जातात, कधी काम अडते, तर कधी खासगी माहिती परक्या हाती पडते. दुसरीकडे, न वापरली जाणारी क्षमता वर्षानुवर्षे सांभाळत बसणे हाही तोटाच असतो, केवळ तो डोळ्यांना दिसत नाही. त्यामुळे असा निर्णय ‘यंत्र चांगले की वाईट’ या प्रश्नावर न ठरवता हिशेबावर ठरवणे हिताचे ठरते.

सौदा एक, व्यवहार दोन

या अदलाबदलीचे मर्म एका गोष्टीत आहे. वरकरणी हा एकच सौदा दिसत असला, तरी प्रत्यक्षात ते दोन व्यवहार आहेत : स्वतःच्या लॅपटॉपची विक्री आणि समोरच्याच्या लॅपटॉपची खरेदी. दोन्ही एकत्र बांधले गेले की कोणत्या वस्तूची किंमत किती धरली, हे झाकले जाते. म्हणून पहिली पायरी म्हणजे दोन्ही यंत्रांची आजची किंमत स्वतंत्रपणे, रुपयांत मांडणे.

एक काल्पनिक उदाहरण घेता येईल. दोन वर्षांपूर्वी १,५०,००० रुपयांना घेतलेला लॅपटॉप आज ७०,००० रुपयांना विकला जाऊ शकतो, असे समजू. समोरून देऊ केलेल्या साध्या लॅपटॉपची वापरलेल्या स्थितीतील किंमत ३०,००० रुपये आहे. या हिशेबाने वरची रोख रक्कम ४०,००० रुपये असायला हवी. प्रस्ताव मात्र ३२,००० रुपयांचा आहे. म्हणजे मालक आपल्या यंत्राचे ८,००० रुपये सोडून देत आहे. हेच दुसऱ्या शब्दांत सांगायचे तर ३०,००० रुपयांचा साधा लॅपटॉप त्याला ३८,००० रुपयांना पडत आहे.

हे ८,००० रुपये म्हणजे सोयीची किंमत होय. स्वतंत्र विक्रीसाठी जाहिरात देणे, अनोळखी माणसांचे फोन घेणे, घासाघीस करणे आणि नंतर दुसरे यंत्र शोधणे या खटाटोपातून सुटका होते, त्याचा हा मोबदला. तो देणे कधी योग्यही असते. पण तो किती आहे, हे ठाऊक असूनच दिला पाहिजे. अन्यथा ‘आवळा देऊन कोहळा काढणे’ या म्हणीतील कोहळा समोरच्याच्या घरी जातो.

याच उदाहरणात तिसरा पर्यायही दडलेला असतो. ७०,००० रुपयांना थेट विक्री करून ४५,००० रुपयांचा नवा साधा लॅपटॉप घेतला, तर हाती २५,००० रुपये उरतात आणि कंपनीची हमीही मिळते. प्रस्तावाच्या तुलनेत रोख रक्कम ७,००० रुपयांनी कमी. पण यंत्र कोरे. प्रस्तावाची तुलना केवळ ‘आहे तेच ठेवणे’ या पर्यायाशी केली, तर हा मार्ग नजरेतून सुटतो.

किंमत ठरवताना संकेतस्थळांवरील जाहिरातींतील आकडे प्रमाण मानू नयेत. ती विक्रेत्यांनी मागितलेली किंमत असते, प्रत्यक्ष मिळालेली नव्हे. त्याच प्रारूपाच्या, तितक्याच जुन्या यंत्रासाठी दोन-तीन दुकानदारांकडून खरेदीचा भाव विचारणे अधिक विश्वसनीय ठरते. दुकानदाराचा भाव खासगी ग्राहकापेक्षा कमी असणार, कारण त्याला यंत्र तपासून, दुरुस्त करून, नफा ठेवून पुन्हा विकायचे असते. या दोन भावांच्या दरम्यान यंत्राची खरी किंमत सापडते.

मोजलेले पैसे आणि आजचा भाव

‘दीड लाखाची वस्तू सत्तर हजारांत कशी द्यायची?’ हा या निर्णयातील सर्वांत मोठा अडसर असतो. अर्थशास्त्रात अशा परत न मिळणाऱ्या रकमेला बुडीत खर्च म्हणतात. लॅपटॉप ठेवला तरी ते दीड लाख परत येत नाहीत आणि दिला तरी येत नाहीत. त्यामुळे निर्णयाच्या तराजूत ती रक्कम घालण्यात अर्थ नसतो. तेथे फक्त आजची किंमत आणि पुढचा उपयोग येतो.

संगणकाचे मूल्य किती वेगाने घसरते, याची कल्पना करव्यवस्थेतील घसाऱ्यावरूनही येते. १९६२ च्या प्राप्तिकर नियमांत संगणकांसाठी घसाऱ्याचा दर वार्षिक ४० टक्के धरलेला आहे. व्यावसायिकाच्या वहीत १,५०,००० रुपयांचे यंत्र पूर्ण वर्षाच्या वापरानंतर ९०,००० रुपयांवर, दुसऱ्या वर्षी ५४,००० आणि तिसऱ्या वर्षी ३२,४०० रुपयांवर येते. बाजारभाव या आकड्यांबरहुकूम चालत नाही. पण उताराची दिशा तीच असते, आणि तो उतार सुरुवातीला अधिक तीव्र असतो.

आपल्या वस्तूला वाजवीपेक्षा अधिक मोल लावण्याची प्रवृत्ती संशोधनातही दिसून आली आहे. डॅनियल कानेमन, जॅक नेच आणि रिचर्ड थेलर यांनी १९९० मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत काही विद्यार्थ्यांना कॉफीचे मग देण्यात आले, काहींना दिले नाहीत. मग मिळालेल्यांनी तो विकण्यासाठी मागितलेली किंमत ही इतरांनी तो घेण्यासाठी देऊ केलेल्या किमतीच्या साधारण दुप्पट किंवा त्याहून अधिक होती. मग तोच, बाजारही तोच; फरक केवळ मालकीचा होता. पुढे कानेमन यांना २००२ मध्ये आणि थेलर यांना २०१७ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

या मोहातून सुटण्यासाठी प्रश्न उलटा विचारावा : आज हातात ७०,००० रुपये रोख असते आणि लॅपटॉप नसता, तर याच कामासाठी हाच जुना लॅपटॉप ७०,००० रुपयांना विकत घेतला असता का? उत्तर ‘हो’ असेल, तर तो ठेवावा. उत्तर ‘नाही’ असेल, तर तो ठेवणे म्हणजे रोज नव्याने तीच नको असलेली खरेदी करणे होय.

वापरावरून ठरणारी गरज

उच्च क्षमतेच्या लॅपटॉपची खरी गरज ठरावीक कामांना असते : चित्रफितींचे संपादन, त्रिमितीय रचना, स्थापत्य व यंत्र अभियांत्रिकीचे आराखडे, मोठ्या आकाराच्या माहितीचे विश्लेषण, कृत्रिम बुद्धिमत्तेची प्रारूपे चालवणे आणि आधुनिक खेळ. लेखन, हिशेब, इंटरनेट, दूरदृश्य बैठका आणि स्पर्धा परीक्षांची तयारी यांसाठी ग्राफिक्सचा स्वतंत्र प्रोसेसर लागत नाही.

मात्र हा निर्णय अंदाजाने न घेता मोजमापाने घ्यावा. विंडोजमधील टास्क मॅनेजर किंवा मॅकमधील ॲक्टिव्हिटी मॉनिटर उघडून, नेहमीची सर्व कामे सुरू असताना प्रोसेसर, मेमरी आणि ग्राफिक्स यांचा किती भाग वापरला जातो, हे आठवडाभर पाहता येते. ३२ जीबी मेमरीपैकी गर्दीच्या वेळीही दहा-अकरा जीबीच वापरली जात असेल, तर १६ जीबीचे यंत्र पुरेल. ८ जीबीच्या यंत्रावर मात्र तेच काम रेंगाळेल. अनेक पातळ लॅपटॉपमध्ये मेमरी मुख्य पटलावर कायमची जोडलेली असते आणि नंतर वाढवता येत नाही, हेही ध्यानात ठेवावे लागते.

नावावरून क्षमता ठरवणे फसवे असते. इंटेलच्या सातव्या पिढीतील पातळ लॅपटॉपसाठीच्या ‘आय सेव्हन’ प्रोसेसरमध्ये दोनच गाभे होते. पुढच्याच आठव्या पिढीतील त्याच वर्गाच्या ‘आय फाइव्ह’मध्ये ते चार झाले. त्यामुळे ‘आय सेव्हन आहे’ एवढ्यावर जुने यंत्र श्रेष्ठ ठरत नाही. पिढी आणि निर्मितीचे वर्ष विचारणे अधिक महत्त्वाचे असते.

ही पिढी आणखी एका कारणाने निर्णायक ठरते. मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ची सर्वसाधारण मोफत सुरक्षासेवा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवली. विंडोज ११ साठी ‘टीपीएम २.०’ ही सुरक्षा सुविधा आणि इंटेलच्या बाबतीत सामान्यतः आठव्या किंवा त्यापुढील पिढीचा प्रोसेसर अधिकृतपणे आवश्यक आहे. ॲपलनेही इंटेल प्रोसेसरवरील मॅकसाठी ‘मॅकओएस टाहो’ हीच शेवटची मोठी आवृत्ती असल्याचे २०२५ मध्ये जाहीर केले. स्वस्त म्हणून घेतलेले यंत्र या रेषेच्या पलीकडचे असेल, तर ते चालू स्थितीत असूनही बँकेच्या व्यवहारांसाठी असुरक्षित ठरण्याची घटिका जवळ असते.

क्षमतेचे वार्षिक भाडे

लॅपटॉप स्वतःचा असला, तरी त्याचे मूल्य दरवर्षी घटते. ही घट म्हणजे मालक स्वतःलाच देत असलेले भाडे होय. तेवढे मोजले की तुलना सोपी होते.

वरील उदाहरणात ७०,००० रुपयांचा लॅपटॉप आणखी तीन वर्षे वापरून २०,००० रुपयांना विकला जाईल असे धरले, तर तीन वर्षांचा खर्च ५०,००० रुपये, म्हणजे वर्षाला सुमारे १६,७०० रुपये. अदलाबदलीत ३८,००० रुपयांना पडणारा साधा लॅपटॉप तीन वर्षांनी ८,००० रुपयांना गेला, तर खर्च ३०,००० रुपये, म्हणजे वर्षाला १०,००० रुपये. दोहोंतील फरक वर्षाला सुमारे ६,७०० रुपये. निर्णयाचा खरा प्रश्न एवढाच उरतो : अधिकच्या क्षमतेसाठी वर्षाला ६,७०० रुपये देणे परवडते का आणि ती क्षमता वापरली जाते का?

चित्रफिती संपादित करून उपजीविका करणाऱ्याचे उत्तर बहुधा ‘हो’ असेल. दर आठवड्याला वाचणारे काही तास आणि वेळेत पूर्ण होणारे एखादे अधिकचे काम त्या रकमेची भरपाई सहज करते. केवळ लेखन आणि वाचन करणाऱ्याच्या दृष्टीने मात्र तेच पैसे वाया जाणारे असतात.

हिशेबाची दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. साध्या लॅपटॉपची बॅटरी बदलण्यास ५,००० रुपये लागले, यंत्र तीनऐवजी दोनच वर्षे टिकले आणि शेवटी ३,००० रुपयांना गेले, तर ४३,००० रुपयांच्या गुंतवणुकीतून ४०,००० रुपये दोन वर्षांत संपतात. म्हणजे वर्षाला २०,००० रुपये. ‘स्वस्त’ यंत्र महागड्यापेक्षा महाग पडले. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात, त्यातला हा प्रकार. म्हणून साध्या यंत्राच्या किमतीपेक्षा त्याचे उरलेले आयुष्य अधिक बारकाईने तपासावे लागते.

समोरच्या यंत्राची पारख

जुन्या वस्तूच्या बाजारात विक्रेत्याला दोष ठाऊक असतात, खरेदीदाराला नसतात. अमेरिकी अर्थतज्ज्ञ जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन या विषमतेचे परिणाम दाखवून दिले. माहितीच्या या दरीमुळे खरेदीदार सर्वच वस्तूंना कमी भाव देतो आणि चांगल्या वस्तूंचे मालक बाजारातून बाहेर पडू लागतात. या विषयातील कार्यासाठी त्यांना २००१ मध्ये नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. लॅपटॉपच्या अदलाबदलीत ही दरी दोन्ही बाजूंनी असते. म्हणून दोघांनीही एकमेकांना तपासणीसाठी पुरेसा वेळ देणे न्याय्य असते.

तपासणीची सुरुवात बॅटरीपासून करावी. विंडोज आणि मॅक या दोन्ही प्रणालींत बॅटरीची मूळ क्षमता व सध्याची क्षमता दाखवणारा अहवाल मिळतो. मूळ क्षमतेच्या ६० टक्केच क्षमता उरली असेल, तर बॅटरी बदलण्याचा खर्च आधीच किमतीतून वजा करावा. त्यानंतर कळफलकावरील प्रत्येक कळ, सर्व जोडणीछिद्रे, कॅमेरा, ध्वनिक्षेपक, वायफाय आणि पडद्यावरील डाग पाहावेत. बिजागरी सैल असणे किंवा तळाचे आवरण फुगलेले असणे ही गंभीर लक्षणे मानावीत. फुगलेली लिथियम बॅटरी आगीचे कारण ठरू शकते.

यंत्र किमान अर्धा तास कामावर ठेवून ते किती तापते, पंख्याचा आवाज कसा येतो आणि मधेच बंद पडते का, हे पाहणेही आवश्यक असते. तळाशी छापलेला अनुक्रमांक, यंत्राच्या आतील प्रणालीत दिसणारा अनुक्रमांक आणि बिलावरील अनुक्रमांक हे तिन्ही जुळले पाहिजेत. त्या क्रमांकावरून हमीचा उरलेला काळ निर्मात्या कंपनीच्या संकेतस्थळावर पडताळता येतो. सुरू होताना एखाद्या संस्थेचे नाव किंवा व्यवस्थापनाची सूचना दिसली, तर ते यंत्र कार्यालयीन मालकीचे असण्याचा संभव असतो. मॅक असेल, तर पूर्वीच्या मालकाने ‘फाइंड माय’मधून यंत्र काढले आहे, याची खात्री त्याच्यासमोरच करावी. अन्यथा ते कुलूपबंद राहते आणि घेणाऱ्याला वापरता येत नाही.

कायदा काय सांगतो?

दोन व्यवहारांची ही कल्पना केवळ हिशेबाची सोय नाही. कायद्यालाही ती मान्य आहे. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम ११८ मध्ये अदलाबदलीची व्याख्या दिली आहे. कलम १२० नुसार अदलाबदल करणारा प्रत्येक पक्ष जी वस्तू देतो, तिच्याबाबत त्याच्यावर विक्रेत्याची जबाबदारी येते आणि जी घेतो, तिच्याबाबत त्याला खरेदीदाराचे हक्क मिळतात. म्हणजे रोख रक्कम घेणारा माणूसही विक्रेता म्हणून उत्तरदायी असतोच.

मालकी हा सर्वांत नाजूक मुद्दा आहे. मालविक्री अधिनियम, १९३० च्या कलम २७ मधील सर्वसाधारण तत्त्वानुसार, काही अपवाद वगळता, विक्रेत्याकडे असेल त्याहून अधिक चांगला मालकी हक्क खरेदीदाराला मिळत नाही. यंत्र चोरीचे निघाले, तर ते मूळ मालकाकडे परत जाऊ शकते आणि घेणारा हात चोळत बसतो. वस्तू चोरीची असल्याचे माहीत असताना, किंवा तसे मानण्यास सबळ कारण असताना, ती अप्रामाणिकपणे स्वीकारणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हा आहे. बाजारभावाच्या निम्म्याने मिळणारे, बिल नसलेले यंत्र म्हणूनच संशयास्पद मानावे. नोकरीत मिळालेला लॅपटॉप तर कर्मचाऱ्याचा नसतोच. तो अदलाबदलीत देण्याचा त्याला अधिकार नाही. हप्त्यांवर घेतलेल्या यंत्राबाबत कर्जाच्या अटी आधी वाचाव्या लागतात.

व्यवहार परिचितांमधील असला, तरी एका कागदावर दोघांची नावे व पत्ते, दोन्ही यंत्रांची प्रारूपे व अनुक्रमांक, प्रत्येकाची धरलेली किंमत, रोख रक्कम, दिनांक आणि सह्या असाव्यात. मूळ बिल यंत्राबरोबर द्यावे आणि त्याची प्रत स्वतःकडे ठेवावी. पुढे दिलेल्या यंत्राचा गैरवापर झाला, तर ते कोणत्या दिवशी हस्तांतरित केले, याचा हाच पुरावा असतो.

दुकानातून जुन्याच्या बदल्यात नवे घेताना वस्तू व सेवा कराचा नियमही जाणून घ्यावा. केंद्रीय वस्तू व सेवा कर नियमावलीच्या नियम २७ मध्येच याचे उदाहरण दिले आहे : २४,००० रुपये किमतीचा नवा फोन जुना फोन घेऊन २०,००० रुपयांना दिला, तरी नव्या फोनचे मूल्य २४,००० रुपयेच धरले जाते. हाच नियम लॅपटॉपलाही लागू पडतो. म्हणून दुकानदाराने जुन्या यंत्राला दिलेला भाव आणि नव्या यंत्राची विनाअदलाबदल किंमत हे दोन्ही आकडे बिलापूर्वी वेगवेगळे मागावेत. जुन्याला भाव चढा दाखवून नव्यावरील सवलत काढून घेण्याचा प्रकार त्यातून लगेच उघड होतो.

माहिती पुसणे ही औपचारिकता नव्हे

लॅपटॉपबरोबर त्यातील जीवनही परक्याच्या हाती जाऊ शकते : आधार व पॅनच्या प्रती, बँकेचे जतन केलेले पासवर्ड, कौटुंबिक छायाचित्रे, ग्राहकांची कागदपत्रे. फाइल कचरापेटीत टाकून पेटी रिकामी केली, तरी ती पुन्हा मिळवणे अनेकदा शक्य असते. त्यामुळे सर्व माहितीची प्रत दुसरीकडे घेतल्यानंतर ती उघडते का, हे पाहावे. मग सर्व खात्यांमधून बाहेर पडावे, सशुल्क सॉफ्टवेअरचे परवाने मोकळे करावेत आणि यंत्र मूळ स्थितीत आणावे. विंडोजमध्ये हे करताना केवळ फाइल काढण्याचा नव्हे, तर डिस्क पूर्णपणे साफ करण्याचा पर्याय निवडावा लागतो. डिस्क आधीपासून कूटबद्ध असेल, तर संरक्षण आणखी बळकट होते.

घेतलेल्या यंत्राबाबतही तेवढीच दक्षता हवी. त्यातील आधीची प्रणाली जशीच्या तशी वापरू नये. ती पूर्ण पुसून, अधिकृत स्रोतावरून नव्याने स्थापित केल्यानंतरच त्यावर बँकेचे किंवा ई-मेलचे खाते उघडावे. पूर्वीच्या मालकाची इच्छा असो वा नसो, त्याच्या यंत्रात घातक प्रणाली दडलेली असू शकते.

रोख रकमेचे मोल

वर मिळणाऱ्या रकमेचे काय होणार, यावरही सौद्याची योग्यता ठरते. क्रेडिट कार्डाच्या थकबाकीवर दरमहा साडेतीन टक्के व्याज लागत असेल, तर ३२,००० रुपयांवर महिन्याला १,१२० रुपये जातात. ती थकबाकी फेडणे हा रकमेचा उत्तम उपयोग होय. तीच रक्कम ३ टक्के व्याजाच्या बचत खात्यात पडून राहिली, तर वर्षभरात ९६० रुपये मिळतील. आणि ती महिन्याभरात किरकोळ खर्चात विरून गेली, तर यंत्राची क्षमता गेली आणि पैसाही गेला.

मात्र कर्जाचे कारण सांगून घाई करणेही योग्य नसते. वरील उदाहरणात लॅपटॉप स्वतंत्रपणे विकण्यास एक महिना अधिक लागला, तर व्याजाचे १,१२० रुपये जातील. घाईने सौदा केला, तर ८,००० रुपये जातात. शुल्क भरण्याची अंतिम तारीख उद्यावर आली असेल, रुग्णालयाचे बिल भरायचे असेल, तर गोष्ट वेगळी. तेव्हा वेळेलाच किंमत असते आणि ८,००० रुपयांची तूट स्वीकारणेही शहाणपणाचे ठरू शकते.

रक्कम घेताना पैसे पाठवल्याच्या चित्रावर विसंबू नये; स्वतःच्या बँक खात्यात जमा झाल्याचे पाहूनच यंत्र हवाली करावे. यूपीआयद्वारे पैसे स्वीकारण्यासाठी पिन टाकावा लागत नाही. पिन मागितला जात असेल, तर पैसे येत नसून जात आहेत, असे समजावे. आर्थिक फसवणूक झाल्यास १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर विनाविलंब तक्रार नोंदवता येते. भेट शक्यतो दिवसा आणि वर्दळीच्या ठिकाणी ठरवावी.

निर्णयाची कसोटी

या सर्व बाबींचा मेळ घातला, तर अदलाबदल कधी हितावह आहे, हे बऱ्याच अंशी स्पष्ट होते. महागड्या यंत्राची क्षमता सातत्याने पडून असेल, पुढील दोन-तीन वर्षांत काम बदलण्याची चिन्हे नसतील, मिळणारे यंत्र चालू सुरक्षासेवेच्या कक्षेत असेल, त्याची बॅटरी व मालकी निर्दोष असेल आणि वरची रक्कम दोन्ही बाजारभावांतील फरकाच्या जवळपास असेल, तर सौदा करण्यास हरकत नाही.

याउलट, कमाई त्याच यंत्रावर अवलंबून असेल, अभियांत्रिकी किंवा दृश्यकलेच्या शिक्षणाची अवजड वर्षे पुढे असतील, समोरच्या लॅपटॉपचे बिल नसेल किंवा त्याची मेमरी अपुरी असेल, तर रोख रकमेचा आकडा कितीही आकर्षक वाटला, तरी नकार देणे श्रेयस्कर. २०२५ च्या अखेरीस जागतिक बाजारात मेमरी चिपच्या किमती झपाट्याने वाढल्या. अधिक मेमरीचे यंत्र एकदा हातचे गेले, तर तसेच पुन्हा घेताना जुन्या भावाची अपेक्षा ठेवता येत नाही.

आणि या दोहोंच्या मधली स्थिती असेल, म्हणजे क्षमता नको आहे, पण प्रस्तावही कमी रकमेचा आहे, तर दोन व्यवहार सुटे करावेत : आपला लॅपटॉप बाजारात योग्य भावाला विकावा आणि गरजेपुरता लॅपटॉप स्वतंत्रपणे निवडून घ्यावा. त्याला चार दिवस अधिक लागतात. पण कोणत्या वस्तूसाठी किती मोजले आणि किती मिळाले, याचा हिशेब मालकाच्या स्वतःच्या हातात राहतो.